बाईचा शुक्र, बाप्याचा शुक्र

“मोबाईल दे बघू पोरी हिकडं,” मुलाचा मामा म्हणाला.

मी नुकतीच पोह्यांच्या बश्या देऊन खाली बसले होते. गंगावेशीतल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिरोळहून आलेली पाच माणसं. मुलगा, त्याचे आई-वडील, मामा आणि मामाचा ड्रायव्हर. पाहुणे कॉटवर आणि खुर्च्यांवर. आणि माझे आप्पा, ज्यांचं घर, ते दाराजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर अवघडून बसलेले.

मामाच्या मांडीवर माझी पत्रिका उघडी होती. पिवळं कव्हर, वर गणपती. त्यातलं एक पान त्यानं आत्ताच मोठ्यानं वाचून संपवलं होतं. खिडकीतून शेजारच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “जातिका रूपवान व आकर्षक असते. परंतु कामवासना प्रबळ असून परपुरुषाविषयी ओढ संभवते. विवाहानंतर पतीने लक्ष ठेवावे.”

कामवासना. माझ्या बापासमोर. आई आतल्या खोलीच्या पडद्याआड उभी होती, तिच्या हातातल्या कपबश्या वाजल्या.

मामानं चष्मा काढला. “शुक्र-मंगळ एका घरात. ते बी पाचव्या. पाचवं घर म्हंजे प्रेमाचं. पोरगी दिसाय चांगली हाय, त्यात काय वाद न्हाय. पण असली पोरगी सांभाळाय लागती. आमी सरळ बोलणारी माणसं, पावणं. कुटं काय असलं तर आत्ताच कळू दे. न्हाय म्हंजे, मागनं बोभाटा नगं.”

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा फरशीकडं बघत होते. तीस वर्षं फाउंड्रीत लोखंडाचा रस ओतून त्यांच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग आहेत. त्या हातांनी त्यांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले होते. मला वाटलं आता उठतील. आता म्हणतील, पावणं, चहा घ्या आणि वाटेला लागा.

“दे,” आप्पा म्हणाले.

एकच शब्द.

मी दिला. मामा म्हणाला, “कुलूप काढून दे की.” मी अंगठा टेकवला. त्यानं चष्मा परत घातला आणि सुरुवात केली. फोटो. मेसेज. आलेले फोन. “ह्यो कोण?” गॅस सिलिंडरवाला. “आणि ह्यो?” आतेभाऊ. “ह्यो?” दुकानाचे मालक. रंकाळ्यावर मैत्रिणीबरोबर भेळ खातानाचा माझा एक फोटो होता. जीन्समधला. तो त्यानं दोन बोटांनी मोठा केला, ड्रायव्हरला दाखवला, मग मला विचारलं, “ह्यो कुणी काढला?”

“मैत्रिणीनं.”

“मैत्रिणीनंच?”

पाच-सात मिनिटं झाली असतील. तेवढ्यात मुलाचा मोबाईल खिशात दोनदा थरथरला. त्यानं काढून बघितला, गालातल्या गालात हसला, परत खिशात ठेवला आणि पोहे खायला लागला. त्याला कुणी काही विचारलं नाही. माझ्याही ते तेव्हा ध्यानात आलं नाही. नंतर आलं.

सगळं तपासून झाल्यावर मामा म्हणाला, “ठीक हाय. काय आक्षेपार्ह न्हाय.” आणि मोबाईल परत दिला. मला नाही. आप्पांच्या हातात दिला.

हा झाला अपमान. पण त्याच्याखाली आणखी एक होता, तो मी कुणाला सांगितला नव्हता. आज सांगते.

ते पान मीच छापलं होतं.

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत संगणकीय पत्रिकेचं एक दुकान होतं, तिथं मी सहा वर्षं कामाला होते. मालकांना सगळे काका म्हणायचे. ते स्वतः ज्योतिष बघायचे, आत गादीवर बसून. बाहेर कॉम्प्युटरवर मी. काम सोपं. नाव घालायचं, जन्मतारीख, वेळ, गाव. आणि शेवटी एक खूण करायची, पुरुष की स्त्री. प्रोग्रॅम आपणहून ‘पुरुष’वरच उघडायचा. बाई असली तर बदलायचं. मग बटण दाबलं की तीस पानं भराभरा बाहेर. कुंडली, ग्रह, दशा, आणि पाठीमागं फलित. म्हणजे तुम्ही कसे आहात, कुणावर प्रेम करणार, संसार कसा होणार, सगळं. मी पानं जुळवायची, पिवळ्या कव्हरात घालायची, हळदी-कुंकू लावायची आणि द्यायची.

फलित मी वाचत नव्हते, माझं स्वतःचंही वाचलं नव्हतं. रोजचंच. पण काही वाक्यं डोळ्यांना पाठ झालेली. हे शुक्र-मंगळाचं त्यातलंच. किती पोरींच्या पानांवर आलं असेल, देव जाणे. एकदा एका पोरीच्या पानावर ते आलं तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवालीला मी ते दाखवलं होतं. ती म्हणाली, “ही लई चालू निघणार बघ.” आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो. पोरगी बाहेर आईबरोबर बाकावर बसली होती. सतरा-अठराची असेल. मी हसू दाबत तिच्या हातात पत्रिका दिली आणि म्हटलं, देवापुढं ठेवा.

त्या पोरीचा मोबाईल कुणी बघितला असेल? कुणासमोर बघितला असेल?

तर ते असो. असो कसलं, असो नाहीच. पण पुढचं सांगते.

चार दिवसांनी शिरोळहून फोन आला. पोरगी पसंत. फक्त तीन गोष्टी. एक, नोकरी सुपारी फुटायच्या दिवसापासून बंद. दोन, मोबाईल नंबर बदलायचा, जुनं सिम कार्ड मोडून टाकायचं. तीन, शुक्र-मंगळाची शांत करायची, मुलीकडून. आणि हो, मामाचा निरोप होता की सुपारीच्या दिवशी दोघांच्या पत्रिका एकाच कव्हरात घालून देवापुढं ठेवायच्या आहेत, तेव्हा दुकानातून नव्या छापून आणाव्यात. मुलाची तारीख-वेळ त्यांनी कळवली.

आप्पांनी फोन ठेवला आणि हसले. खरंखरं हसले. मी कितीतरी दिवसांनी त्यांना तसं हसताना बघितलं. आधीची चार स्थळं मोडली होती. एकाला आमचं भाड्याचं घर नको होतं, एकाला फाउंड्रीतला सासरा नको होता. हे तर वीस एकर ऊसवाले. नदीकाठची जमीन, दोन ट्रॅक्टर, बंगला. आईनं देवाला साखर ठेवली. माझ्या धाकट्या बहिणीनं गल्लीत सांगूनही टाकलं. आप्पा म्हणाले, “आपल्या दारात असलं स्थळ परत यायचं न्हाय. काय अटी घातल्या तर घातल्या. मोठी माणसं हायत.”

मी नाही म्हणाले नाही. का नाही म्हणाले, ते सांगायला पाहिजे. राग होताच. पण रागापेक्षा भीती जास्त होती. आणि भीती मामाची नव्हती. भीती ही होती की पान खरं असेल.

कॉलेजला असताना मला एक मुलगा आवडायचा. आमच्याच स्टॉपवर बसमध्ये चढायचा. मी त्याच्याशी कधी एक शब्द बोलले नाही. पण तो आला नाही की दिवस खराब जायचा. त्याच्या मनगटाकडं बघायला मला आवडायचं, आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. कुणाला कळलं नाही, काही घडलं नाही. पण मामानं ते पान वाचलं आणि मला पहिल्यांदा तो मुलगा आठवला, त्याचं मनगट आठवलं, आणि वाटलं, म्हणजे आपण तसल्याच की. ग्रहांना आधीच ठाऊक होतं. चार दिवस मला आरशात बघवत नव्हतं. केस विंचरताना पाठ फिरवून विंचरले. माझ्याच अंगावर मीच पहारा करायला लागले. मामानं दहा मिनिटं मोबाईल तपासला, मी रात्रंदिवस स्वतःला तपासत होते. ह्याच्यापेक्षा मोठी गुलामी काय असते मला माहीत नाही.

सुपारीला आठवडा राहिला असेल. दुकानात एक बाई आली. राधानगरीकडची. डेअरीला दूध घालून पहिल्या गाडीनं निघालेली, पदराला अजून म्हशीचा वास. पंधरवड्यापूर्वी ती लेकीची पत्रिका करून घेऊन गेली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आमचं पिवळं कव्हर. मला वाटलं जन्मवेळ चुकली असणार. माणसं बहुतेक त्यासाठीच परत येतात.

“बाई, हे आमच्या पोरीचंच हाय न्हवं?” तिनं विचारलं. “न्हाय, बरोबर हाय न्हवं एवढंच इचारायचं हुतं.”

“का? काय झालं?”

“पोरगी सारकी वाचालीया. एक पान तर भिताडाला चिकटवलं हुतं, तेच काढून आणलंया बघा. तिला असलं आजवर कोण बोललंच न्हवतं की. तिचा बा म्हणाला, एवढं चांगलं कसं निघंल, जा, इचारून ये.”

मी पान घेतलं. कोपऱ्यांना चिकटपट्टी, मागं चुन्याचे पोपडे. वाचलं. “जातक तेजस्वी व रसिक. प्रेमात पुढाकार घेणारा. मनाजोगता जोडीदार स्वतः निवडेल. लोकांना प्रिय. पराक्रमाने नाव मिळवेल.”

जातक. घेणारा. मी कुंडली बघितली. शुक्र-मंगळ, एकाच घरात. आणि तारीख बघितली, छापल्याची. पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी मी खुर्चीत होते, पण डोकं जाग्यावर नव्हतं. नाव घातलं, तारीख घातली, वेळ घातली आणि शेवटची खूण बदलायची विसरले. आमच्या धंद्यातली नेहमीची चूक. सगळ्यांच्या हातून होते. अशी चूक झाली की काकांचा नियम ठरलेला, जुनं पान काढून घ्यायचं, फाडायचं, नवं फुकट छापून द्यायचं.

“हितं ‘घेणारा’ असं लिवलंया,” ती बाई म्हणाली. “पोरगी म्हणाली, कॉम्प्युटर हाय, त्यो तसंच लिवतोय.”

मी पान माझ्याकडं ओढलं. नियमच तो. पण दुसऱ्या टोकाला तिनं दोन बोटांनी धरून ठेवलं होतं. ओढत नव्हती, नुसतं धरलं होतं. नखांत शेण अडकलेलं. आणि मला ते बरोबर पान दिसलं, जे मी आता छापून देणार होते. कामवासना प्रबळ. परपुरुषाविषयी ओढ. पतीने लक्ष ठेवावे. ही बाई ते घेऊन गावाला जाणार, त्या पोरीच्या बापाला देणार. भिंतीवर रिकामी जागा राहणार.

मी पान सोडलं.

“बरोबर हाय,” मी म्हणाले. “जिथं होतं तिथंच चिकटवा.”

ती गेली. बाहेर गिऱ्हाईक नव्हतं. काका आत कुणाला तरी ग्रहाच्या खड्याची अंगठी सांगत होते. मी प्रोग्रॅम उघडला आणि माझी स्वतःची तारीख घातली. माझी वेळ, माझं गाव. आणि खूण तशीच राहू दिली, पुरुष.

तेजस्वी व रसिक. प्रेमात पुढाकार घेणारा.

मग शिरोळच्या मुलाची माहिती घातली. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. कुंडली पडद्यावर आली आणि मी मोठ्यानं “आयला!” म्हणाले. पाचवं घर. शुक्र आणि मंगळ. शेजारी शेजारी. त्याच्या पानावर काय होतं? रसिक, तेजस्वी, स्त्रियांना प्रिय. आणि शेवटी, “पत्नीने समजुतीने घेतल्यास संसार सुखाचा होतो.” मग मी त्याची खूण बदलली. स्त्री केली. बटण दाबलं. कामवासना प्रबळ. परपुरुषाविषयी ओढ.

ग्रह तेच, घर तेच. त्याला मनगट आवडलं तर तो रसिक. मला आवडलं तर माझ्यावर लक्ष ठेवा. आणि हे आकाशानं नव्हतं ठरवलं. हे त्या एका खुणेनं ठरवलं होतं, जी रोज माझ्या बोटांनी मी करत होते. इतके दिवस मी जिला घाबरत होते ती मी नव्हतेच. ते कुणीतरी लिहून ठेवलेलं एक वाक्य होतं. मला हसू पण आलं आणि रडू पण आलं. मग दोन्ही थांबलं आणि नुसता संताप उरला.

अंगठीवालं गिऱ्हाईक गेल्यावर मी उठून आत गेले. काकांना विचारलं, “काका, एकच ग्रह बाईला वाईट आणि बाप्याला चांगला कसा?”

काका वाईट माणूस नव्हते. सहा वर्षांत मला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, दिवाळीला साडी द्यायचे. ते विड्याच्या पानाला चुना लावत होते. शांतपणे म्हणाले, “अगं, बाईचं फलित वेगळंच असतंय. बाप्याच्या पत्रिकेत शुक्र म्हंजे त्याला मिळणारी बायको. बाईचा नवरा बघायचा गुरूवरनं. मग तिचा शुक्र कशाला राहिला? तिची चाल बघायला.”

“असं कुणी ठरवलं?”

“ग्रंथात हाय.”

“ग्रंथ कुणी लिहिले?”

“ऋषींनी.”

“त्यात बाई कोण होती का?”

काका हसले. “तुझं लग्न ठरलंय म्हणून डोस्कं फिरलंय तुझं. जा, टाईप कर.”

मी गेले. टाईप केलं.

सुपारीचा दिवस रविवार होता. सकाळचे अकरा. शेजाऱ्यांची सतरंजी आणली होती, गल्लीतली चार प्रतिष्ठित माणसं बोलावली होती. शिरोळहून दोन गाड्या भरून आल्या. बोळात गाडी शिरत नाही म्हणून लांब लावून चालत आले, तेवढ्यावरनंच मामाचं तोंड वाकडं. ताटात नारळ, पानं, अख्खी सुपारी, पेढे. सुपारी फुटली की शब्द पक्का, मग मागं फिरायचं नाही. देवाच्या फोटोपुढं पिवळं कव्हर. दोघांच्या पत्रिका आत.

मुलाची आत्या पहिल्यांदाच आली होती. ती म्हणाली, “पत्रिका जुळली व्हय?” झालं. मामाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं कव्हर उचललं. “थांब, वाचूनच दावतो. आधी आपल्या पोराचं ऐका.” छाती पुढं काढली आणि त्याच त्या आवाजात सुरू केलं.

“जातक रूपवान व आकर्षक असतो.” आत्यानं मान डोलावली. “परंतु कामवासना प्रबळ असून परस्त्रीविषयी ओढ संभवते. विवाहानंतर पत्नीने...”

थांबला. चष्मा कपाळावर घेतला, परत खाली घेतला.

“प्रिंट चुकलीया,” तो म्हणाला.

“चुकली न्हाय,” मी म्हणाले. मी आतल्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. ट्रे खाली ठेवला. “तारीख तुम्हीच दिली, वेळ तुम्हीच दिली. शुक्र-मंगळ पाचव्या घरात, जसे माझे तसेच ह्यांचे. मी दुकानात एक खूण बदलली आणि ‘जातिका’चं ‘जातक’ केलं, ‘पती’चं ‘पत्नी’ केलं, ‘परपुरुष’चं ‘परस्त्री’ केलं. बाकी शब्दाला हात लावलेला न्हाय. वाचा की मामा. मागच्या वेळेला कसं घडाघडा वाचलं होतं.”

“ए पोरी! बाईमाणसाला शोभतंय व्हय हे?”

“मग मी वाचते.” मी पुढं गेले, त्याच्या हातातून पान घेतलं आणि वाचलं. पहिल्यापासून. त्याच्याइतक्याच मोठ्यानं. कामवासना हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं उच्चारला, आणि सांगते तुम्हाला, जीभ झडली नाही. “विवाहानंतर पत्नीने लक्ष ठेवावे,” इथंपर्यंत वाचलं, पान घडी करून ताटात ठेवलं, आणि मुलाकडं बघितलं. त्या घटकेपर्यंत त्याच्याशी मी एक वाक्य बोलले नव्हते.

“मोबाईल द्या,” मी म्हणाले. “कुलूप काढून.”

त्याचा हात खिशावर गेला. झटक्यात. आणि तिथंच राहिला. तेव्हा मला ते थरथरणं आठवलं, ते गालातलं हसू आठवलं.

“माझा कशाला?” तो म्हणाला. त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बारीक होता.

“बाप्याचा मोबाईल कोण बघतंय व्हय गं?” मामा ओरडला. “पावणं, तुमच्या पोरीला काय वळण हाय का न्हाय?”

“गप बस,” आप्पा मला म्हणाले. उभे राहिले होते.

“आप्पा,” मी म्हणाले, “त्या दिवशी तुम्ही मला ‘दे’ म्हणालात. आज त्यास्नी म्हणा.”

सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. मीही बघितलं. एक शब्द होता, आप्पांना तोंडपाठ होता. मी वाट बघितली. मनापासून बघितली. रसाची कढई ओतताना कधी न हललेला माझा बाप उभ्या उभ्या हलत होता.

आप्पा काही बोलले नाहीत.

शिरोळकर उठले. चपला शोधताना एकमेकांच्या अंगावर पडत होते. मामा जाता जाता बोळभर ऐकू जाईल असं बोलला, “पत्रिका खोटी न्हवती बघा!” मुलगा सगळ्यांच्या आधी बाहेर पडला होता, हात अजून खिशावर. त्याच्या मोबाईलमध्ये काय होतं मला माहीत नाही. मला बघायचंही नव्हतं. मला फक्त एवढंच बघायचं होतं की तो देतोय का.

ताटात सुपारी तशीच राहिली. अख्खी.

आता इथं तुम्हाला वाटेल की आप्पांनी मला जवळ घेतलं असेल. नाही घेतलं. ते मला म्हणाले, “माझी अब्रू घालवलीस.” मी म्हणाले, “माझी गेली तेव्हा तुम्ही स्टुलावर बसला होता.” तेव्हापासून तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीकडं तोंड करून जेवायचे. आई म्हणायची, “चांगलं घर घालवलंस. धाकटीचं आता कसं व्हायचं ते तरी सांग.” गल्लीत बोलणं एकच, पोरीचंच काहीतरी असणार, त्याशिवाय एवढं बोलणार नाही. धाकटी आठ दिवस माझ्याशी फुगून होती. नवव्या दिवशी आली आणि विचारलं, “माझं बी काढून बघशील का गं, बाप्याचं?” मी काढून दिलं.

काकांना सगळं कळलं. राधानगरीच्या पोरीचंही मीच सांगितलं. ते म्हणाले, “दुकानाचा इश्वास घालवलास तू. त्या बाईला बोलवून बरोबर पान दे आणि गप कामाला लाग.” मी म्हणाले, इथून पुढं पोरीची पत्रिका आली की मी दोन्ही पानं छापणार. बाईचं आणि बाप्याचं. शेजारी शेजारी ठेवून देणार, ज्याला जे वाचायचं ते वाचू दे. काका म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. मी त्याच दिवशी उठले. दिवाळीच्या साड्या धुऊन इस्त्री करून परत नेऊन दिल्या.

आता बिंदू चौकाजवळ एका केंद्रात मी ऑनलाईन फॉर्म भरते. दाखले, शिष्यवृत्त्या, पेन्शन. तिथंही तीच खूण असते, पुरुष की स्त्री. ती करताना माझा हात आजही क्षणभर थांबतो. ज्या पोरींना मी हसत हसत ती पानं दिली त्यांची नावं मला आठवत नाहीत. माफी मागायची तर कुणाची मागू? ते ओझं आहे, ते माझं आहे, ते मी कुठल्या शांतीनं उतरवणार नाही.

परवा आप्पा पहिल्यांदा बोलले. भिंतीकडं बघतच. “रविवारी पावणं येणार हायत. कागलचे. पत्रिका मागितलीया. ह्यावेळी काय तमाशा करू नगंस.”

मी म्हणाले, “येऊ देत. पत्रिका देते.”

आणि देणार आहे. दोन पानं देणार आहे, माझ्या नावाची. मुलाचीही दोन मागणार आहे. चारही पानं माझ्या घरात, माझ्यासमोर, मोठ्यानं वाचली जातील. ज्याला ऐकवत नाही त्यानं दारातून परत जावं. मला मनगट आवडेल, आवाज आवडेल, चालणं आवडेल, आणि ते मी सांगेन, खाली मान न घालता. ट्रे मी आणीन. पण पोहे घेऊन नाही. रिकामा आणीन आणि मधोमध ठेवीन. मोबाईल एक तर दोघांचे त्या ट्रेमध्ये येतील, नाहीतर दोघांचे आपापल्या खिशात राहतील. तिसरं काही चालणार नाही. आप्पांनी ‘दे’ म्हटलं तरी चालणार नाही.

पोहे त्यानंतर.